मुलांसाठी पहिली 10 मीटर एअर रायफल: कमी खर्चात नेमकी कशी निवडावी

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि पुढच्या काही आठवड्यांत आमच्या रेंजवर नव्या पालकांची रीघ लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिक पदक आणतो, मग आपल्या पोरानं का नाही, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणती रायफल घेऊ, आणि केवढ्याला पडेल?"

माझी लेक सहा वर्षं 10 मीटर एअर रायफल खेळते. पहिली रायफल घेताना आम्ही सपशेल चुकलो. दुसरी घेताना विचारत, तपासत, थांबत घेतली आणि ती आजही तिच्या खांद्याला आहे. त्या दोन खरेदींमध्ये जे कळलं ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पायरी 1: पहिले सहा महिने खरेदी नको

क्लबची रायफल वापरू द्या. बहुतेक क्लबांत शिकाऊ मुलांसाठी दोन-चार रायफली असतात. या काळात तीन गोष्टी कळतात. मुलाला दररोज एकाच जागी उभं राहून तेच तेच करायची खरोखर आवड आहे का, हे कळतं. उंची किती झपाट्यानं वाढते आहे, हे कळतं. आणि मूल ओपन साइटमध्ये खेळणार की पीप साइटमध्ये, हे ठरतं.

हा शेवटचा मुद्दा अनेकांना दुकानात गेल्यावरच समजतो. शालेय स्पर्धांत या दोन वेगळ्या गटांत मुलं खेळतात. ओपन साइट म्हणजे मागे खाच, पुढे माशी, अशी साधी नेमबाजी. त्यासाठी लागणारी रायफल स्वस्तात मिळते आणि भारतीय बनावटीचीही चालते. पीप साइटमध्ये मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे रिंग असते. ऑलिंपिकपर्यंत जाणारा रस्ता हाच, आणि खर्चही इथेच. मूल ओपन साइटमध्येच वर्षभर रमणार असेल तर लाखांची रायफल घेऊन कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही.

याच काळात डोळ्याची चाचणी करून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी धरायची, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ डोळा. मूल उजव्या हाताचं आणि डोळा डावा असेल, तर डाव्या खांद्यानं शिकायचं की न नेमणाऱ्या डोळ्यावर पट्टी लावून उजव्यानंच चालू ठेवायचं, हे प्रशिक्षकांशी बोलून खरेदीच्या आधी ठरवा. उजव्या हाताच्या ग्रिपची रायफल घेतल्यावर हे कळलं, तर स्टॉकपासून (रायफल ज्यात बसवलेली असते आणि जो खांद्याला टेकतो तो सांगाडा) सगळं बदलावं लागतं.

पायरी 2: कायद्याचं थोडक्यात

शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिमी, म्हणजे .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. 10 मीटरची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, या मर्यादेच्या कितीतरी आत असते. 0.53 ग्रॅमचं पेलेट (शिशाची बारीक गोळी) साधारण सेकंदाला 170 मीटर वेगानं सुटतं, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्याही खालीच. तरी रीतसर बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि त्याची प्रत कायम रायफलच्या पेटीत ठेवा. प्रवासात कुणी अडवलं तर तोच कागद कामाला येतो. परदेशातून कुणाकरवी मागवायच्या फंदात पडू नका. अधिकृत विक्रेता गाठा आणि आधी जिल्हा किंवा राज्य संघटनेत विचारा.

गावाकडून आलेले काही पालक हळूच विचारतात, शेतातली रानडुकरं, माकडं यानं हाकलता येतील का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली शिकार बंद आहे आणि पाखरावर मारलेलं पेलेटसुद्धा त्यात येतं. पिकाचं नुकसान झालं असेल तर वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यायचा, भरपाईची तरतूद आहे. अमेरिकेत उपद्रवी प्राण्यांसाठी जाड नळीच्या, दुर्बीण लावलेल्या रायफली विकतात. त्यांचे व्हिडिओ बघून अनेक जण तसलंच काहीतरी शोधत येतात. ते हत्यार वेगळं, काम वेगळं, आणि दुर्बीण तर 10 मीटरच्या स्पर्धेत चालतच नाही.

पायरी 3: पैसे आधी वाटून ठेवा

आमची पहिली चूक इथे झाली. होते तेवढे पैसे रायफलीत घातले आणि जॅकेटला, पेलेटला हात आखडता घ्यावा लागला. आता कुणी विचारलं की मी सांगते, हातात असलेल्या रकमेचा निदान एक तृतीयांश भाग रायफल सोडून बाकीच्यासाठी बाजूला काढा, आणि मग उरलेल्यात रायफल शोधा.

पेलेटचा हिशोब करून बघा. डब्यात 500 पेलेट येतात. दिवसाला 80 शॉट, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला 400. सुट्ट्या, परीक्षा वगळून 50 आठवडे धरले तर वर्षाला 20,000 पेलेट, 40 डबे. रायफलीचा खर्च एकदाच होतो, हा दरवर्षी होतो.

बाकीच्यात पहिला नंबर जॅकेटचा. ते पाठीला आणि कमरेला आधार देतं. नियमानं त्याची एकेरी जाडी 2.5 मिमीच्या आत हवी. वाढत्या वयाच्या मुलाला मापाचं नवं जॅकेट शिवू नका. क्लबमधल्या मोठ्या मुलांचं लहान झालेलं जॅकेट जवळपास नेहमीच मिळतं, बटणं सरकवून घेतली की दोन वर्षं निघतात. हातमोजा आणि सपाट तळाचे बूट त्यानंतर. पँट सगळ्यात शेवटी, पहिल्या वर्षी नसली तरी चालते.

पायरी 4: हवा कशी भरते

यंत्रणा तीन प्रकारच्या. स्प्रिंगची रायफल दणका देते, ओपन साइटला ठीक. दुसऱ्या प्रकारात बाजूला असलेल्या दांड्यानं प्रत्येक शॉटला हवा दाबायची. फाइनवर्कबाऊची 600 ते 603 ही जुनी मालिका या जातीची. सिलिंडरची कटकट नाही, नळी उत्तम, किंमत कमी. मात्र प्रत्येक शॉटनंतर दांडा ओढताना लहान मुलाची पोझिशन मोडते आणि साठ शॉटांत दंड भरून येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मजबूत मुलाला किंवा हौशी मोठ्या माणसाला मी ती आनंदानं सुचवीन.

तिसरी, आज सगळीकडे दिसते ती, आधीच दाबून भरलेल्या हवेची, म्हणजे पीसीपी. नळीखाली 200 किंवा 300 बार दाबाचा सिलिंडर असतो, तो क्लबमधल्या मोठ्या टाकीवरून भरायचा. दणका जवळजवळ नाहीच. नव्यात वाल्थर एलजी 400, फाइनवर्कबाऊ 800, अँशुट्झ 9015, श्टायर, पार्दिनी ही नावं रेंजवर ऐकू येतील. हेमर्ली एआर 20 त्यामानानं स्वस्त. साधा ॲल्युमिनियमचा स्टॉक, उजव्या-डाव्या दोन्ही हातांना चालणारी, गालाचा आणि खांद्याचा टेकू सरकवता येणारी. जुन्यात वाल्थर एलजी 300, फाइनवर्कबाऊ पी 70 आणि 700 यांच्यावर आजही मुलं राज्य पातळीवर खेळतात.

पायरी 5: अंगाला बसते का

यातली कुठलीही मॅच रायफल तुमच्या मुलापेक्षा अचूक आहे. नळी टेकूवर ठेवून मारली तर दहाही पेलेट एकाच भोकातून जातात. त्यामुळे "हिची अचूकता जास्त का तिची" या चर्चेत वेळ घालवू नका. ती अचूकता मुलाच्या हातून कागदापर्यंत पोचते का, हे रायफल अंगाला किती बसते त्यावर ठरतं. महागडं मॉडेल लहान मूल सरळ मानेनं धरू शकत नसेल, तर वरचे सगळे पैसे वाया.

आमच्या पहिल्या खरेदीत दुकानदारानं सगळ्यात वरचं मॉडेल दाखवलं. "पुढे घ्यावंच लागणार, आत्ताच घ्या," असं तो म्हणाला. लेक तेव्हा बारा वर्षांची, अंगानं बारीक. स्पर्धेत रायफल 5.5 किलोपर्यंत चालते आणि ती पूर्ण आकाराची, वजन लावलेली रायफल त्या मर्यादेच्या जवळ होती. दोन महिन्यांत पोरगी कंबर धरून घरी यायला लागली. रेंजवरच्या सरांनी तिला बाजूनं उभं करून मला दाखवलं. रायफलचं वजन तोलायला ती कमरेतून मागे वाकत होती आणि मान पुढे काढून साइट शोधत होती. "ताई, ही रायफल हिला उचलतेय," एवढंच ते म्हणाले. ती आम्ही तोट्यात विकली.

म्हणून खरेदीला मुलाला घेऊन जा, जॅकेट आणि बूट घालूनच उभं करा, आणि या क्रमानं बघा.

आधी लांबी. कोपर वाकवून बटप्लेट, म्हणजे स्टॉकचं खांद्याला टेकणारं टोक, कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात यायला हवं. बोट ताणावं लागलं तर स्टॉक लांब. तो किती आखूड होतो, आणि पुढच्या तीन वर्षांसाठी किती लांब करता येतो, दोन्ही विचारा.

मग गाल. मुलानं पोझिशन घ्यावी, डोळे मिटावेत, गाल टेकूवर सैल सोडावा, आणि मग डोळे उघडावेत. डोळा डायॉप्टरच्या भोकासमोर मधोमध आला पाहिजे. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे शोधावं लागलं तर टेकू सरकवून पुन्हा तेच करा. हे किमान पाच वेळा करा, कारण पहिल्या वेळी मुलं नकळत मान जुळवून घेतात. माझ्या लेकीनं दुसरी रायफल अशी तपासताना पाचव्यांदा डोळे उघडले आणि हसली. तेव्हा मला कळलं की हीच घ्यायची.

मग उंची. उभ्या पोझिशनमध्ये डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांवरून खाली उतरतं. ज्या मुलाचा हात आखूड, त्याची रायफल खाली राहते आणि मग मान वाकते. पुढच्या हाताखाली सरकणारा उंचवटा असेल आणि बटप्लेट खाली घेता येत असेल तर मान सरळ ठेवता येते.

शेवटी वजन. पोझिशनमध्ये मिनिटभर धरू द्या, खाली ठेवू द्या, असं दहा वेळा. सामन्यात 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, हे डोक्यात ठेवून बघा. तुम्ही बाजूला उभे राहून फक्त पाठीचा कणा पाहा. दहाव्या वेळेला तो पहिल्यापेक्षा जास्त वाकत असेल तर वजन जास्त आहे. पुढची सुटी वजनं काढता येतात का ते विचारा. वजन नंतर वाढवणं सोपं असतं.

ट्रिगर आणि साइटबद्दल फार लिहीत नाही, कारण मॅच रायफलीत दोन्ही चांगलेच असतात. ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा, आणि हवा न सोडता कोरडा सराव करायची सोय हवीच हवी. रायफलीच्या ट्रिगरला किमान वजनाचा नियम नाही, म्हणून काही जण तो फुंकरीनं सुटेल इतका हलका करून देतात. नवख्या मुलाला तो शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवा, बोटाला त्याची जाणीव राहते. पुढच्या साइटची रिंग मोठी लावा. टार्गेटच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. घट्ट रिंग लावली की मूल शॉट सोडायलाच घाबरतं.

पायरी 6: जुनी रायफल घेताना

कमी पैशात चांगली रायफल हवी असेल तर माझा कौल जुन्या मॅच रायफलीलाच. नळी लाखभर शॉटांनीही सहसा बिघडत नाही. बिघडतात ती सील, साइटचे स्क्रू, आणि संपते ती सिलिंडरची मुदत.

सिलिंडरवर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. उत्पादक त्याला दहा वर्षं देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची. आमच्या लेकीची दुसरी रायफल जुनीच होती. विकणाऱ्यानं "सगळं ओके" म्हणून दिली आणि आम्ही तारीख बघितलीच नाही. राज्य स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर तिथल्या अधिकाऱ्यांनी सिलिंडर फिरवून आकडा बोटानं दाखवला. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. डिटेल, म्हणजे तिच्या गटाची फेरी, सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती. दुसऱ्या क्लबच्या एका मुलीकडे त्याच कंपनीचा सुटा सिलिंडर होता, तो तिच्या आईनं काढून दिला म्हणून लेक उभी राहू शकली. तेव्हा रायफल हातात घेतल्याबरोबर आधी तारीख वाचा. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा, आणि त्या मॉडेलचा सिलिंडर अजून मिळतो का, तेही विचारून घ्या. एका कंपनीचा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

मग गळती. सिलिंडर भरून गेजचा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी काटा उतरला असेल तर सील गेलंय. हे दुरुस्त होतं, पण किंमत कमी करून घ्या.

मग साइट. पाच शॉट मारा. डायॉप्टर दहा क्लिक उजवीकडे फिरवा, पाच मारा. पुन्हा दहा क्लिक डावीकडे आणा आणि पाच मारा. तिसरा ग्रुप, म्हणजे पाच शॉटांचा पुंजका, पहिल्याच्या जागी आला पाहिजे. नाही आला तर साइट सैल आहे, आणि चांगली डायॉप्टर स्वस्त नसते.

शेवटी ग्रुप. वाळूच्या पिशवीवर नळीखालचा स्टॉक टेकवून, अनुभवी नेमबाजाकडून, एकाच कागदावर दहा शॉट मारून घ्या. पेलेट स्वतःच 4.5 मिमीचं असतं. दहा शॉटांचं मिळून झालेलं भोक बाहेरच्या कडांनी सात मिमीच्या आसपास आलं तर रायफल निरोगी. टार्गेटवरची 8 ची रिंग 10.5 मिमी व्यासाची. भोक तिच्याबाहेर जायला लागलं तर आधी पेलेट बदलून बघा, मग नळी साफ करून बघा, आणि तरीही तसंच राहिलं तर ती रायफल सोडा.

इतकी चिकित्सा का, तर 10 चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजतात. 10.9 हवे असतील तर पेलेटचा मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत लागतो. एक मिलिमीटर सरकलं की साधारण चार दशांश जातात.

पायरी 7: पेलेट जुळवा

रायफल नवी असो की जुनी, हे करायचंच. पेलेटच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा बारीक फरकाचा असतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. आरडब्ल्यूएस आर 10 आणि एच अँड एन फिनाले मॅच हे नेहमीचे. क्लबमधल्या मुलांकडून प्रत्येक मापाची वीस-वीस पेलेट मागून घ्या, टेकूवरून मारा, कागदांवर माप लिहा आणि शेजारी शेजारी लावून बघा. आमच्या रायफलीला 4.50 चा ग्रुप 4.51 पेक्षा डोळ्यांना दिसेल इतका लहान आला. मग त्याच लॉटचे डबे एकदम घेतले, कारण लॉट बदलला की पुन्हा चाचणी आलीच. रोजच्या सरावाला साधं स्वस्त पेलेट चालतं. सामन्याच्या आधीचे दोन आठवडे जुळवलेलं वापरा.

घरी आणल्यावर

हवा सावकाश भरा. सिलिंडरच्या जोडांना तेल, ग्रीस अजिबात लावू नका आणि हवेऐवजी ऑक्सिजन तर कधीच भरू नका, त्यानं स्फोट होतो. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर ठेवू नका. नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) कायम, पेटीला कुलूप, आणि पेलेट वेगळ्या कपाटात. पेलेट शिशाची असतात. सराव संपला की मुलानं साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

आणि एक वही ठेवा. प्रशिक्षकांनी रायफल बसवून दिली की त्याच दिवशी बटप्लेट कितव्या खुणेवर, गालाचा टेकू किती मिमी वर, ग्रिपचा कोन केवढा, हे सगळं तारीख आणि मुलाच्या उंचीसकट लिहा, मोबाइलवर फोटोही काढा. प्रवासात धक्क्यानं एखादा स्क्रू सरकतो आणि ग्रुप अचानक डावीकडे जायला लागतो, तेव्हा मूल स्वतःला दोष देत बसतं. वही उघडली की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. आमच्या वहीत दुसऱ्या रायफलीची बटप्लेट आजवर आठ वेळा सरकल्याची नोंद आहे. पहिली नोंद 144 सेंटिमीटर उंचीची, शेवटची 163 ची.